चेंडू उचलणारी माणसं

अण्णा गोल्फचा कुठलाही होल उलटा चालत. उलट्या पावलांनी नव्हे, शेवटाकडून सुरुवातीकडे. ज्यांनी गोल्फ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की होल म्हणजे नुसतं जमिनीतलं भोक नव्हे. पहिला टोला जिथून मारतात ती सपाट जागा म्हणजे टी. जिथे ते भोक आणि झेंडा असतो, ती बारीक कापलेल्या गवताची जागा म्हणजे ग्रीन. मधला तीन-चारशे यार्डांचा गवताचा पट्टा, त्यातले वाळूचे खड्डे, झाडं, ओहोळ, हे सगळं धरून एक होल होतो. असे अठरा. बाकीचं सगळं जग टीवर उभं राहून ग्रीनकडे बघतं. अण्णा आधी ग्रीनवर जात, बूट काढत, मोजे बुटात कोंबत आणि अनवाणी टीच्या दिशेने चालायला लागत.

“टीवरनं बघितलं की बांधणाऱ्याला जे दाखवायचंय तेच दिसतं,” ते म्हणत. “मागनं ये. लपवलेलं दिसतं.”

बूट काढण्याचं कारण वेगळं होतं. ग्रीनचा उतार त्यांच्या तळव्यांना कळे. “इथं पाणी थांबतं,” असं म्हणून ते टाचेने एक जागा दाखवत. मग आम्ही लेव्हल लावून मोजायचो आणि ती जागा खरोखरच बोटभर खोल निघायची. तरी मोजल्याशिवाय ते कागदावर काही लिहू देत नसत. तळवे चुकू शकतात म्हणत.

मी सांगलीहून बेंगळुरूला आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सिव्हिल इंजिनिअरिंग झालं होतं, वर लँडस्केपचा एक कोर्स. बागा, तळी आणि गोल्फची मैदानं आखणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरी लागली. अण्णा तिथे सल्लागार होते. साठी ओलांडलेले, उंच, किडकिडीत, पांढरा हाफ शर्ट, सकाळच्या गारठ्यात कानाला मफलर. उभी नोकरी त्यांनी एका सरकारी कारखान्यात सर्व्हेअर म्हणून केली होती. कारखान्याची बरीच जमीन पडून होती आणि कुणा साहेबाच्या मनात आलं की तिथे नऊ होलचं गोल्फ कोर्स करावं. काम अण्णांच्या गळ्यात पडलं. गोल्फचा चेंडू त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला तो त्याचं वजन करायला. ते मैदान चांगलं झालं, लोक विचारायला लागले, आणि निवृत्तीनंतर हाच त्यांचा धंदा झाला.

स्वतः ते एकदाही खेळले नाहीत. कुणी खोचकपणे विचारलं तर म्हणत, “गटार बांधणारा इंजिनिअर त्यात उतरून पोहतो काय?”

त्यांचं घराणं साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की पहिल्या दिवशी मला हसू आलं. सकाळी भेटले की “तिंडी झाली काय अम्मा?” तिंडी म्हणजे नाश्ता, आणि अम्मा म्हणजे मी. त्यांच्याहून पस्तीस वर्षांनी लहान असलेल्या मुलीला ते अम्मा म्हणत, हे अंगवळणी पडायला मला महिना लागला. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत होतं, “तुझं मराठी रेडिओसारखं. बोलतेस की वाचतेस तेच कळत नाही.”

कॉफी कायम बाय-टू, म्हणजे एका कपाचे दोन पेले. एकटे असले तरी बाय-टूच मागवत आणि दुसरा पेला शेजारी जो उभा असेल त्याच्यापुढे सरकवत. देवनहळ्ळीच्या बसस्टँडवर त्यांना ओळखणारे कंडक्टर, फुलवाल्या आणि एक पोलीस होता, सगळे अर्ध्या कपाचे.

माणसं कशी चालतात हे बघण्याचं त्यांना वेड होतं. के. आर. पुरममध्ये त्यांच्या घराजवळ एक लहान बाग होती. बागेत फरशीची छान वळणदार वाट, आणि लोक ती सोडून फुलांच्या वाफ्यातून सरळ स्टेशनकडे जायचे. नगरसेवकाने तार लावली, लोकांनी तार वाकवली. अण्णा चार सकाळी तिथल्या बाकावर बसले आणि एका कागदावर वाफ्यातून जाणाऱ्यांच्या रेघा काढल्या. मग तो कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले आणि म्हणाले, फरशी उचला आणि या रेघेवर घाला. सात महिने ते दर आठवड्याला जात राहिले. शेवटी कंटाळून वॉर्ड ऑफिसने फरशी हलवली. वाफा जुन्या वाटेवर गेला आणि त्यात फुलं आली. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत. मला त्यांच्या बायकोने सांगितली, तीही तक्रार म्हणून.

ऑफिसात मी हट्टाने ड्रोन घ्यायला लावला होता. वरून काढलेलं पहिलं चित्रीकरण मी मोठ्या उत्साहाने त्यांना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून पाहिलं. “छान आहे,” म्हणाले. “घारी खेळणार असतील तर याच्यावरनं आखू.”

त्यांचं यंत्र म्हणजे एक घडीचं स्टूल. कॅनव्हासचं, एका पायाला दोरी बांधलेलं. ज्या होलबद्दल तक्रार असेल तिथे ते स्टूल मांडून बसत. एक दिवस नाही, आठ-दहा दिवस. मलाही बसवत. पहिल्यांदा मी चेंडूंच्या मागे मान फिरवत होते तेव्हा म्हणाले, “चेंडू बघू नको. चेंडू नशिबानं उडी घेतो. माणसाचे खांदे बघ. कुठं गेला ते खांद्यावरनं कळतं.”

आता बाराव्या होलचं सांगते. त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी देवनहळ्ळीच्या पलीकडच्या एका क्लबने आपलं अर्धं मैदान नव्याने करायला काढलं. अण्णांनी त्यातला बारावा होल मला दिला. “हा तू कर.” एवढंच. माझा पहिला स्वतंत्र होल. जागा देखणी होती. एक मोठा खडक, त्याच्यावर मी टी ठेवली. समोर लांबवर नंदीचा डोंगर, डावीकडे ओहोळ. दीडशे यार्डांवर पट्टा चिंचोळा करून तिथे वाळूचा एक भलामोठा खड्डा पसरला. बंकर म्हणतात त्याला. दुसरा बंकर ग्रीनच्या बरोबर पुढे, आडवा, ओठासारखा. सकाळच्या उन्हात दोन्ही बंकर पांढरेशुभ्र चमकायचे. त्याचा फोटो क्लबच्या कॅलेंडरवर आला. मी तो सांगलीला पाठवला आणि बाबांनी पुढच्या खोलीत लावला.

दीड वर्षाने क्लबच्या कॅप्टनचा फोन आला. कॅप्टन म्हणजे क्लबचा निवडून आलेला प्रमुख. हे गृहस्थ पंचेचाळिशीचे, व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीचे संचालक, पहाटे गाडी काढून खेळायला येणारे आणि क्लबातले सर्वांत चांगले खेळाडू. त्यांची तक्रार अशी की बाराव्यावर गर्दी तुंबते. टीवर तीन-तीन गट खोळंबून उभे असतात. आणि उपाय त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता: ग्रीनभोवती तळं करायचं. लोकांनी खोळंबायचंच असेल तर निदान बघण्यासारखं काहीतरी हवं.

“आधी बसतो,” अण्णा म्हणाले.

आम्ही अकरा सकाळी बसलो. पहाटे अंधारातच ऑफिसची गाडी निघायची आणि उजाडता उजाडता आम्ही ग्रीनच्या उजव्या अंगाला झुडपांमागे स्टूल मांडायचो. अण्णांनी मला वही दिली. त्यात तीन रकाने आखले होते: टोले, शोध, उचल. किती टोल्यांत होल संपवला, चेंडू शोधायला किती वेळ गेला, आणि शेवटचा म्हणजे वैतागून चेंडू उचलून खिशात घातला का.

“उचल कशाला?” मी विचारलं.

“टोले लोक खोटे सांगतात. खिशात घातलेला चेंडू खोटा नसतो.”

तिसऱ्या दिवसापर्यंत उचलचा रकाना भरत चालला. माझा होल होता, म्हणून मी वकिली करत होते. हे लोक वाईट खेळतात अण्णा. त्यांनी शिकायला हवं. कॅप्टन बघा, कसा खेळतो. कॅप्टनचा चेंडू खरोखरच माझ्या बंकरवरून पक्ष्यासारखा जायचा आणि पलीकडे पडायचा. अण्णा डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, खात ऐकत राहिले.

रोज पावणेसातच्या सुमारास एक वयस्क जोडपं यायचं. बाई सत्तरीच्या, पांढरी टोपी, पायात जाड बूट. नवरा त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, सरळ पाठीचा. पहिल्याच दिवशी मला त्या मराठी असल्याचं कळलं, कारण लांबून आवाज आला, “अहो, टोपी! टोपी तिथेच राहिली!” अकरावा होल दोघं मिळून संपवायची. मग बाई आपली खेळायची काठी पिशवीत ठेवायच्या आणि कडेच्या वाटेने एकट्याच चालत जाऊन पुढच्या करंजाखाली बसायच्या. नवरा बारावा एकटा खेळायचा. तेराव्याला पुन्हा दोघं.

पाचव्या दिवशी अण्णांनी वही मागितली. पान वाचलं. “त्या बाई कुठं आहेत यात?”

“त्या बारावा खेळत नाहीत, अण्णा. त्या मोजणीत नाहीत.”

“तेच विचारतो. का नाहीत?”

मी वहीची पानं चाळायला लागले.

“जा. विचारून ये.”

मी करंजाखाली गेले. नमस्कार केला, सांगलीची म्हणून सांगितलं. बाईंना आनंद झाला. त्या मूळच्या अमरावतीच्या, चाळीस वर्षं इथल्या एका संशोधन संस्थेत काम करून निवृत्त झालेल्या. नवरा कारखान्यात इंजिनिअर होता. पंचवीस वर्षं दोघं रोज सकाळी खेळतात, सोमवार सोडून. क्लबासाठी मैदानाची पाहणी करतेय, एवढंच मी माझ्याबद्दल सांगितलं.

“मग हा होल नीट पाहा,” त्या म्हणाल्या. “माझा चेंडू दीडशे यार्ड जातो. कधी एकशेचाळीस. बरोबर तिथेच तो वाळूचा खड्डा आहे. कॅप्टनसारख्यांना तो दिसतसुद्धा नाही, ते वरून जातात. खड्डा आहे तो फक्त माझ्यासाठी. बरं, त्यातून निघाले तर ग्रीनच्या तोंडाशी दुसरा. मी चेंडू सरपटत नेते गं. उंच उडवायला मनगटात जोर लागतो, तो आता नाही. या होलवर सरपटायला वाटच ठेवलेली नाही.”

“तुम्ही प्रयत्न केला होता?”

“पहिला महिनाभर. एकदा तेरा टोले झाले. मागची चार माणसं टीवर कमरेवर हात ठेवून उभी. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. शेवटी यांनीच माझा चेंडू उचलला आणि माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी इथे बसते.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते बंकरमधून बाहेर आले होते आणि काठी हातात धरून उभे होते. मग वळले आणि टीकडे, म्हणजे आल्या वाटेने चालायला लागले. बाई ताडकन उठल्या आणि तोंडाशी हात धरून ओरडल्या, “अहो! इकडे! झेंड्याकडे!” ते थांबले, हात वर केला आणि वळले.

बाई बसल्या. “हल्ली विसरतात,” म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, रोज खेळू द्या, रोज आकडे विचारा. एवढ्याने आठवण टिकून राहील. सतरा होलचे आकडे माझ्याजवळ असतात. मी शेजारून चालते, ते चुकले की सांगते. हा एकच होल ते एकटे असतात. पाच म्हणतात, मी पाच लिहिते. इथून मला काय दिसणार?”

आदल्या दिवशीच्या पानावर मी त्यांच्या नवऱ्याबद्दल लिहिलं होतं: ‘मागे फिरले. चेंडू शोधायला?’ आणि टोले सात.

“कुणी आखलाय हा होल, कोण जाणे,” बाई उठता उठता म्हणाल्या. “पोरसवदा असेल कुणीतरी. म्हाताऱ्या माणसाबरोबर कधी चाललेला नसावा.”

मी हसले.

झुडपांमागे परत आले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी वहीत काही लिहिलं नाही. “सांगितलंस काय, आखणी तुझी म्हणून?”

“नाही.”

“सरी,” ते म्हणाले. बरं, या अर्थाने. आणि टीकडे बघायला लागले.

परतीच्या वाटेवर गाडीत माझा राग उसळला, आणि तो अण्णांवर निघाला. “नकाशावर सही तुमची आहे ना? तेव्हा का नाही बोललात? तुम्हाला सगळं दिसतं ना?”

“नाही दिसलं,” अण्णा म्हणाले. “पाय मुरगळलेला होता त्या आठवड्यात. मागनं चाललोच नाही. तुझ्या खडकावर चढलो, टीवरनं बघितलं. सूर्य वर येत होता. भुललो आणि सही केली.” मग म्हणाले, “मी काय देव आहे काय अम्मा?”

पुढच्या आठवड्यात क्लबात बैठक झाली. कॅप्टन हिंदीत बोलायचे, अण्णा कन्नडमध्ये उत्तर द्यायचे, आणि दोघांना दोघांचं कळायचं. अण्णांनी वही उघडून टेबलावर ठेवली. गर्दी तुंबते ती लोक हळू खेळतात म्हणून नाही. दीडशे यार्डांवर प्रत्येक तिसरा माणूस वाळूत अडकतो किंवा ओहोळात चेंडू शोधतो म्हणून. तळं केलं तर शोध वाढेल.

“या बंकरमध्ये लोक अडकतात कारण त्यांना खेळता येत नाही,” कॅप्टन म्हणाले. माझंच वाक्य. “होल सोपा केला तर क्लबात काय राहिलं? आणि इतकंच वाईट होतं तर बांधलं कुणी?”

“आखणी हिची, सही माझी,” अण्णा म्हणाले. “चूक निम्मी-निम्मी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं होतं, अण्णा माझं नाव झाकतील. त्यांनी झाकलं नाही. तो राग माझ्या मनात दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या बैठकीनंतर मला लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि मी नवा नकाशा काढायला बसले.

पण अण्णांनी नकाशावर काम करू दिलं नाही. त्यांनी क्लबाकडून एक महिना मागून घेतला होता, जेसीबी नाही, खोदकाम नाही. फक्त माती, हिरवळीचे तयार पट्टे, गवत कापायचं यंत्र आणि चुन्याची एक गोणी. दीडशे यार्डांवरच्या बंकरचा डावा अर्धा भाग आम्ही मातीने बुजवून त्यावर हिरवळ बसवली. ग्रीनच्या तोंडचा आडवा बंकर डाव्या बाजूने निम्मा बंद केला आणि तिथलं गवत इतकं बारीक कापलं की चेंडू सरपटत थेट ग्रीनवर जावा. झाली एक रुंद, लांबची, सोपी वाट. मग अण्णा उजव्या बाजूला अडीचशे यार्डांवर गेले, जिथे कॅप्टनचा चेंडू रोज पडायचा, आणि तिथे चुन्याने मोठा गोल काढला. गोलात चेंडू पडला तर बंकरमध्ये पडला असं धरायचं. उजवीकडून ग्रीन जवळ, पण वाटेत गोल. डावीकडून लांब, पण मोकळं.

पहिल्याच सकाळी कॅप्टनचा चेंडू गोलाच्या मधोमध पडला.

“हा चुना आहे,” कॅप्टन म्हणाले. “वाळू नाही.”

“आज चुना,” अण्णा म्हणाले.

इथे थोडं पुढचं सांगते. अण्णा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. शेवटचा महिना हॉस्पिटलमध्ये होते. मी भेटायला गेले तर म्हणाले, भिंतीचा तो कठडा बघ, संडासाच्या दोन पावलं आधी संपतो. मी म्हटलं, अण्णा, दोन पावलांनी काय होतं? म्हणाले, “काय होतं ते पडणाऱ्याला विचार.” उशीखालून त्यांनी एक कागद काढला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी कोण कुठे भिंतीला हात टेकतं याच्या खुणा केल्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं, कागद मोठ्या सिस्टरना द्यायचा. मी दिला. त्यांनी तो कठडा पुढे वाढवला की नाही, मला माहीत नाही. अण्णा गेल्यावर त्या वॉर्डात जायचं माझं धाडस झालं नाही.

तर बारावा होल. महिनाभरात उचलचा रकाना जवळपास रिकामा झाला. टीवरची गर्दी ओसरली. गंमत झाली ती कॅप्टनची. होल सोपा झाला म्हणून तावातावाने बोलत असताना त्यांचे स्वतःचे टोले मात्र वाढले होते. एकदा ते आमच्या स्टुलापाशी येऊन उभे राहिले आणि खऱ्या कुतूहलाने विचारलं, असं का?

“आधी तुम्हाला विचारच करायचा नव्हता,” अण्णा म्हणाले. “जोरात मारलं की झालं. आता दोन वाटा आहेत. रोज टीवर उभं राहून ठरवायला लागतं. ठरवणारा माणूस चुकतो.”

कॅप्टन थोडा वेळ चुन्याच्या गोलाकडे बघत राहिले. मग त्यांनी बाय-टू कॉफीचा दुसरा पेला उचलला आणि निघून गेले. पुढच्या बैठकीत तळ्याचा विषय निघाला नाही. काम पक्कं करायला मंजुरी मिळाली. चुन्याच्या जागी खरा बंकर झाला, गवत धरायला चार महिने गेले.

सगळं झालं. फक्त बाई करंजाखालीच बसत राहिल्या.

चुन्याच्या महिन्यातही त्या तिथेच होत्या. पक्कं काम झाल्यावरही अकरावा संपला की काठी पिशवीत आणि कडेची वाट. त्यांनी त्या होलकडे बघणंच सोडलं होतं. नजर फक्त नवऱ्यावर. मी अण्णांना म्हटलं, जाऊन सांगते, होल बदललाय म्हणून.

“नको,” अण्णा म्हणाले. “वाट सांगायला लागली तर ती वाट कसली? दिसली तर येतील.”

“आणि नाही दिसली तर? त्यांच्याकडे किती दिवस आहेत अण्णा?”

अण्णांनी स्टुलाची दोरी गुंडाळली. मग म्हणाले, “होलचं सांगू नको. तुझं काय सांगायचं राहिलंय ते तू बघ.”

दुसऱ्या दिवशी मी करंजाखाली गेले. बाईंनी सरकून जागा दिली. मी उभीच राहिले.

“मावशी, हा होल मी आखला होता.”

त्यांनी नवऱ्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. “तू?”

“हो. त्या दिवशी मी बोलले नाही. लाज वाटली.”

“आणि आज?”

“आजही वाटतेय. पण आम्ही तो नव्याने केलाय. तुमचा चेंडू जिथे पडतो तिथे आता गवत आहे.”

बाईंनी मान वळवून पहिल्यांदा त्या पट्ट्याकडे नीट पाहिलं. डावीकडून, टीपासून ग्रीनपर्यंत, हळूहळू. मग माझ्याकडे.

“आखल्यापासूनच्या दोन वर्षांत बरीच म्हातारी झालीस की,” त्या म्हणाल्या. “चांगलं झालं.” आणि काठी काढायला पिशवी उघडली. नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, “अहो, थांबा टीवरच. मी येतेय.”

त्यांचा पहिला टोला एकशेचाळीस यार्ड गेला आणि गवतावर पडला. तिथून त्या आपल्या पद्धतीने सरपटत निघाल्या. एक टोला वाकडा गेला, एक फारच लहान. मागे दोन माणसं टीवर आली होती. बाईंनी एकदाही मागे पाहिलं नाही. ग्रीनवर पोचायला पाच टोले लागले. भोकात जायला आणखी तीन. चेंडू आत पडल्याचा आवाज मला स्टुलापर्यंत ऐकू आला.

“माझे पाच,” नवरा म्हणाला.

“सहा. ओहोळाकडे गेला होता एकदा.”

त्यांनी थोडं आठवून पाहिलं. “हो, सहा,” म्हणाले, आणि त्यांना ते खरोखर आठवलेलं दिसलं.

बाईंनी कार्डावर दोन आकडे लिहिले आणि सरळ आमच्या झुडपाकडे चालत आल्या. आम्ही लपून बसतो असा आमचाच समज होता. अण्णा उठून उभे राहिले, मफलर सारखा केला.

“ग्रीनच्या डाव्या तोंडाला गवत मोठं राहिलंय,” बाई म्हणाल्या. “माझा चेंडू दोनदा अडला. ते कापा. मी उद्या येणार आहे.”

आणि त्या तेराव्याकडे निघून गेल्या, नवऱ्याच्या शेजारून.

अण्णांचा चेहरा इतका खुललेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. “ऐकलंस ना?” ते म्हणाले.

ऐकलं होतं. मी गवत कापणाऱ्या माणसाला शोधायला निघाले.